सेवेलाही शिक्षण लागते : रमाबाई रानडे

मंडळाच्या वर्धापनदिनी आपण थोर स्त्रियांचे स्मरण करतो. मी सातवीपर्यंत शिकलेली, लेखिका नव्हे. पण रमाबाई रानडे सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हते, हे मनात आणले आणि लिहायचा धीर आला.

सातारकडील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. १८७३ साली, अकराव्या वर्षी तिचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानड्यांनी तिला स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. सुनेने पुस्तक हाती धरणे म्हणजे घराला बट्टा, अशी तेव्हाची समजूत होती. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि पुस्तकही सोडले नाही. मराठी झाले, मग इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती वारले. रमाबाईंना स्वतःचे मूल नव्हते. उरलेले आयुष्य जपमाळ ओढत काढले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. पण १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात आपल्या राहत्या वाड्यातच सेवासदन सुरू केले.

भगिनींनो, दानधर्म तेव्हाही होत होता. विधवेला कोणी शिधा देई, कोणी जुने लुगडे देई. रमाबाईंचे वेगळेपण असे, की त्यांनी बाईच्या हाताला काम आणि त्या कामाचे रीतसर शिक्षण दिले. शिवण, शिक्षिकेचे काम आणि मुख्य म्हणजे रोग्यांची शुश्रूषा. घरंदाज विधवेने इस्पितळात जाऊन परक्या रोग्याचे अंग पुसायचे, हे लोकांना लाजिरवाणे वाटे. त्या टीकेला न जुमानता सेवासदनच्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकल्या. ज्यांना कालपर्यंत घरात ओझे समजत, त्या पगार आणू लागल्या.

रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला नेमाने जात. आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीला स्वयंसेविका घेऊन जात. १९२४ साली त्या निवर्तल्या. पुढे १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली. आज आपल्या यवतमाळातही समाजकार्याचे महाविद्यालय आहे.

हे सारे आठवायचे कारण आपल्या जवळचेच आहे. आमच्या ओळीत एक म्हातारी एकटी राहते. नातलगांनी तिच्याकडून घराचे कागद नेले, आणि आता विचारायलाही कोणी येत नाही. आम्ही दोघीतिघी पाळीने तिला भाजी-भाकरी देतो. पोट भरते, पण तिचा हक्क काय, दाद कोठे मागायची, हे आम्हांपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. विचारपूस केली तेव्हा कळले, की म्हाताऱ्या आईबापांच्या पालनपोषणासाठी २००७ सालचा कायदा आहे, आणि त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत करता येतो. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ सालचा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या कर्जापायी कुंकू पुसले गेलेल्या किती जणी आहेत! त्यांच्या हातीही कागदच येतात, आणि ते वाचून दाखवणारे कोणी नसते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. हळदीकुंकू, भजन, पाककृतींच्या स्पर्धा खुशाल होऊ द्या. पण या वर्षी आपल्यातल्या दोघीचौघींनी समाजकार्य महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे जाऊन अर्ज कसा करावा, दुःखी माणसाशी कसे बोलावे, कोणती गोष्ट चारचौघांत बोलू नये, एवढे तरी शिकून यावे. माया आपल्यापाशी आहेच. तिला माहितीची जोड मिळाली, की त्या म्हातारीला भाकरीबरोबर तिचे घरही परत मिळण्याची वाट निघेल. रमाबाईंना वाहायचे फूल मला तरी हेच योग्य वाटते.