विष्णुदास भावे : जीवन आणि नाट्यकार्य

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा प्रारंभ सामान्यतः एखाद्या नाट्यगृहापासून नव्हे, तर सांगलीच्या राजवाड्यात झालेल्या एका प्रयोगापासून मानला जातो. त्या प्रयोगाचे कर्ते विष्णु अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास भावे होत.

विष्णुदासांचे वडील अमृतराव सांगली संस्थानाच्या सेवेत होते. विष्णुदासांचा ओढा औपचारिक शिक्षणापेक्षा पद्यरचनेकडे व हस्तकौशल्याकडे अधिक होता. लाकडी बाहुल्या घडवण्यातही त्यांचा हात कुशल होता. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगलीत आपले खेळ केले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव तथा आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे, परंतु अधिक नेटके खेळ मराठीत उभे करण्याचे काम तरुण विष्णुदासांवर सोपवले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान रंगले. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

या प्रयोगांचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. आरंभी सूत्रधार मंगलाचरण करी. मग विदूषक येई. त्यानंतर गणपती व मोरावर आरूढ झालेली सरस्वती यांची स्तवने होत आणि पुढे मूळ आख्यान सुरू होई. कथानकाचा धागा सूत्रधाराच्या पदांतून उलगडत असे. पात्रे मात्र प्रसंगानुरूप आयत्या वेळी गद्य भाषणे करीत. स्त्रीपात्रे तरुण मुलगे वठवीत. म्हणजेच नाटककाराने पदे रचली, तर गद्य संवाद नटांच्या मुखी घडले. परिणामी पदे टिकली. पुढे १८८५ साली ती ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने ग्रंथरूपही पावली. संवाद मात्र प्रयोगाबरोबरच विरून गेले. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठीच हानी होय, कारण त्या काळच्या बोलीचा रंगमंचीय वापर कसा होता, हे कळण्याचे साधन त्यामुळे हरपले.

तोंडाला रंग लावणे हे त्या काळी प्रतिष्ठितांना कमीपणाचे वाटे. त्यामुळे नटवर्गाला स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. अशा वेळी राजाश्रय हेच या मंडळींचे कवच होते. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि ते कवच गळून पडले. येथेच विष्णुदासांच्या चरित्राला निर्णायक वळण मिळाले. खेळ बंद करणे किंवा परक्या प्रेक्षकांपुढे जाऊन त्यावर निर्वाह करणे, एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे उरले. त्यांनी दुसरा स्वीकारला. गावोगाव फिरत त्यांची मंडळी मुंबईस पोहोचली व १८५३ मध्ये ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिने तिकीट लावून प्रयोग केले. दरबाराच्या कृपेवर जगणारी कला अशा रीतीने प्रेक्षकांच्या पैशावर उभी राहिली. तिचे अनुकरण करणाऱ्या अनेक नाटकमंडळ्या पुढे निघाल्या. स्वतः विष्णुदासांनी सुमारे दहा वर्षांच्या फिरतीनंतर हा व्यवसाय सोडला. १९०१ साली त्यांचे निधन झाले.

विष्णुदासांना मराठी नाटकाचे जनक म्हणताना थोडे तारतम्य बाळगावे. तंजावरच्या भोसले राजांनी त्यांच्या कितीतरी आधी मराठी नाटके रचली होती. परंतु ती दक्षिणेतच राहिल्यामुळे महाराष्ट्रातील रंगपरंपरेशी त्यांचा सांधा जुळला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे सामाजिक आशयाचे गद्य नाटक तर त्या काळी रंगमंचावर येऊ शकले नाही. म्हणून विष्णुदासांचे श्रेय पहिली संहिता लिहिण्याचे नव्हे, तर अखंड चालत राहिलेल्या प्रयोगपरंपरेचा आरंभ करण्याचे आहे.

या परंपरेचे मूळ गावही ओस पडले नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी पुढे मराठी नाटक समृद्ध केले. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, ते याच वारशामुळे. विष्णुदासांचे नाव धारण करणारे नाट्यगृह तेथे आजही त्याची साक्ष देते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. विष्णुदासांच्या नाट्यप्रयोगांतील सूत्रधाराचे कार्य स्पष्ट करा.
२. राजाश्रय संपल्याचा मराठी रंगभूमीवर कोणता परिणाम झाला, याची चर्चा करा.