मांजरीच्या मातीचा करोडपती

स्वतःच साफ होणारा लिटर बॉक्स, मनी किती वेळा 'जाऊन' आली ते मोबाइलवर कळवणारं अ‍ॅप... मांजरवाल्यांची आजकाल चंगळ आहे. पण यातल्या बहुतेक यंत्रांच्या पोटात शेवटी असते ती मातीच. ती माती घराघरात नेणाऱ्या माणसाचं नाव एडवर्ड लोव.

जन्म १९२०चा, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. परत आल्यावर मिशिगनमधल्या कॅसोपोलिस या छोट्या गावी वडिलांच्या धंद्यात शिरला. धंदा कसला, तर कारखान्यांत, गॅरेजमध्ये सांडलेलं तेल-ग्रीस टिपायला भुसा आणि माती विकायचा! ही माती म्हणजे फुलर्स अर्थ. आपण चेहऱ्याला लावतो ना, ती मुलतानी माती, तिच्याच जातीची. फक्त भट्टीत वाळवून दाणेदार केलेली. कोंबड्यांच्या खुराड्यात घालायला म्हणून त्याने ती शेतकऱ्यांना विकून पाहिली. कुणी विचारलं नाही.

मग आला जानेवारी १९४७. कडाक्याच्या थंडीत शेजारणीचा वाळूचा ढीग गोठून दगड झालेला. मांजरीसाठी तिने चुलीतली राख वापरली, तर घरभर काळ्या पंजांचे ठसे! ती वाळू मागायला आली. एडने वाळूऐवजी हीच पडून असलेली माती दिली. काही दिवसांनी बाई पुन्हा हजर, तीच माती हवी म्हणून. ठसे नाहीत आणि मुख्य म्हणजे वासही नाही. मातीचे दाणे मूत्र शोषून घेतात आणि अमोनियाचा वास दाबून धरतात, ही त्यातली गंमत.

एडने पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, वर हाताने 'किटी लिटर' लिहिलं आणि गावातल्या दुकानदाराकडे गेला. किंमत ६५ सेंट. जवळजवळ फुकट मिळणारी वाळू सोडून एवढे पैसे कोण देणार, ही दुकानदाराची शंका अगदी रास्त होती. एड म्हणाला, मग फुकटच वाटून टाक. फुकट नेणारे थोड्याच दिवसांत पैसे घेऊन परतले.

खरी परीक्षा पुढे होती. गाडीच्या डिकीत पिशव्या टाकून पठ्ठ्या गावोगाव हिंडला. मांजरांच्या प्रदर्शनात स्टॉलची जागा मिळावी म्हणून त्याबदल्यात तिथल्या शेकडो मांजरांच्या घाणीच्या पेट्या त्याने स्वतः साफ केल्या. स्टार्टअपच्या गप्पा मारताना हा भाग आपण सोयीस्कर विसरतो, नाही का?

१९६४मध्ये त्याने 'टायडी कॅट' हा ब्रँड आणला. माती तपासायला शंभराहून अधिक मांजरं पाळली. मांजर घराबाहेर न जाता चोवीस तास माणसासोबत राहू लागलं, त्यात या मातीचा वाटा मोठा. तिची दुसरी बाजूही आहे बरं का: ती खाणीतून उपसावी लागते आणि वापरून झाली की कचऱ्यातच जाते.

ऐंशीच्या दशकात बेंटोनाइटची, ओली झाली की गोळा होणारी माती आली. ती मात्र त्याची नव्हे, दुसऱ्याच एका शास्त्रज्ञाची. एडने १९९०मध्ये सुमारे २० कोटी डॉलर्सना धंदा विकला. त्याआधीच, १९८५मध्ये, नव्या उद्योजकांसाठी त्याने फाउंडेशन काढलं होतं. ४ ऑक्टोबर १९९५ला तो फ्लोरिडात गेला. फाउंडेशनचं काम आजही कॅसोपोलिसमधूनच चालतं.