फादर तेयार द शार्दां : गाळातल्या दातांचा अभ्यासक

येशूसंघीय धर्मगुरू पियेर तेयार द शार्दां यांचे नाव आपल्या अनेक वाचकांनी ऐकले असेल. उत्क्रांतीचा सिद्धांत आणि ख्रिस्तश्रद्धा यांची सांगड घालू पाहणारे विचारवंत म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांच्या विचारांवर वाद पुष्कळ झाले, ग्रंथही पुष्कळ लिहिले गेले. परंतु हे फादर रोज सकाळी मिस्सा अर्पण करून कोणत्या कामाला बसत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते प्राचीन सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांचे अभ्यासक होते आणि त्यांच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे तांदळाच्या दाण्याहून लहान अशा दातांची ओळख पटविण्यात गेली. त्यांच्या चरित्राची हीच बाजू आम्हाला येथे मांडावयाची आहे.

फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात, क्लेरमाँ-फेराँ शहराजवळील सार्सना येथे १ मे १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत ते चौथे. वडिलांना निसर्गाच्या अभ्यासाची आवड होती आणि दगड, वनस्पती, कीटक गोळा करण्याचा छंद त्यांनी मुलांनाही लावला. आई अत्यंत भाविक. गंमत अशी की, चर्चचा कठोर टीकाकार व्होल्तेर याच्या घराण्याशी तिचे नाते होते. लहानग्या पियेरला लोखंडाचे वेड होते. जगात यापेक्षा टिकाऊ काही नाही, असे त्याला वाटे. लोखंड गंजते हे ध्यानात आले तेव्हा तो अतिशय खट्टू झाला आणि मग त्याचे मन दगडांकडे वळले.

१८९९ साली त्यांनी येशू संघात प्रवेश केला. फ्रान्समध्ये त्या काळी धर्मसंघांवर निर्बंध आले होते. त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण मायदेशाबाहेर झाले. १९०५ ते १९०८ या काळात त्यांनी कैरो येथील संघाच्या शाळेत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविले. त्यानंतर ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे आले आणि २४ ऑगस्ट १९११ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

हेस्टिंग्जचा परिसर डायनोसॉरच्या काळातील खडकांसाठी प्रसिद्ध आहे. फा. तेयार आणि त्यांचे सहाध्यायी फा. पेलेतिए मोकळ्या वेळात हातोडी घेऊन खाणी व समुद्रकड्यांकडे जात. १९०९ साली अशाच एका खाणीत त्यांची चार्ल्स डॉसन या हौशी संशोधकाशी गाठ पडली. मोठी हाडे कोणालाही दिसतात. पण त्या खडकांतील सस्तन प्राण्यांचे अवशेष म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे दात. तरीही या मंडळींनी चिकाटीने असे काही दात मिळविले आणि ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९११ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. एका दातावरून प्राणी कसा ओळखावा? लहान प्राण्याची हाडे नाजूक असतात. ती पाण्याच्या प्रवाहात मोडतात, झिजतात. दातावरील कठीण आवरण मात्र कोट्यवधी वर्षे टिकते. शिवाय सस्तन प्राण्यांच्या दाढांवरील उंचवटे, खोलगट भाग आणि कडा यांची ठेवण प्रत्येक जातीत वेगळी असते. वरची दाढ खालच्या दाढेत जशी बसते त्यावरून तो प्राणी कीटक फोडून खाई, की फळे चुरडून खाई, हेही सांगता येते. यासाठी गाळ पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुतात, वाळवितात आणि उरलेली रेती भिंगाखाली थोडीथोडी पसरून ओल्या कुंचल्याने एकेक कण बाजूला करतात. पोतेभर मातीतून चार-दोन दात निघाले तरी दिवस सार्थकी लागला असे मानतात. तांदूळ निवडणाऱ्या आपल्या आयांना हे काम लगेच समजेल!

१९१२ साली फा. तेयार पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मार्सेलँ बूल यांच्या हाताखाली शिकू लागले. पुढच्याच वर्षी ती घटना घडली, जिने त्यांच्या नावाला मरणोत्तरही सोडले नाही. डॉसन यांना इंग्लंडमधील पिल्टडाऊन येथे आदिमानवाची कवटी सापडल्याचे १९१२ च्या डिसेंबरात जाहीर झाले होते. ३० ऑगस्ट १९१३ रोजी डॉसन व वुडवर्ड यांच्यासमवेत तेथील खडी निवडताना फा. तेयार यांनाच एक सुळा सापडला. वुडवर्ड यांनी आधी कल्पनेने बनविलेल्या सुळ्याशी तो बराच जुळत होता. चाळीस वर्षांनी, १९५३ साली, हे सारे प्रकरण बनावट असल्याचे सिद्ध झाले. सुळा वानराचा होता, कानशीने घासलेला होता आणि त्यावर रंग चढविलेला होता. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी फा. तेयार हेही या कटात असावेत असा आरोप केला. त्यावर पुष्कळ धुरळा उडाला. २०१६ साली ब्रिटिश संशोधकांनी सर्व अवशेषांची पुन्हा तपासणी केली. सगळीकडे एकाच हाताची एकच पद्धत आढळली आणि संशयाची सुई डॉसन यांच्याकडेच वळली. आमच्या मते एका तरुण धर्मगुरूला येथे साक्षीदार म्हणून वापरून घेण्यात आले, हेच अधिक संभवते.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात जखमींचे स्ट्रेचर वाहण्याचे काम करीत होते. शौर्यासाठी त्यांना पदके मिळाली. दोन भाऊ मात्र युद्धाने नेले. युद्धानंतर ते पुन्हा दातांकडे वळले. फ्रान्समधील इओसीन कालखंडाच्या आरंभीच्या सस्तन प्राण्यांवरील प्रबंधासाठी त्यांना १९२२ साली सॉर्बनची डॉक्टरेट मिळाली आणि पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठात ते भूविज्ञान शिकवू लागले.

आणि मग संकट आले. आदिपापाच्या शिकवणीचा विज्ञानाच्या प्रकाशात कसा विचार करता येईल, यावर त्यांनी खाजगी चर्चेसाठी एक टिपण लिहिले होते. ते रोमला पोहोचले. १९२५ साली वरिष्ठांनी समोर ठेवलेल्या विधानांवर त्यांना स्वाक्षरी करावी लागली, अध्यापन सोडावे लागले आणि १९२६ साली ते चीनला रवाना झाले. संघ सोडा, असे सुचविणारे मित्र होते. त्यांनी तसे केले नाही. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्यांना त्याच्या यातना झाल्या, हे लपविण्याचे आम्हाला कारण दिसत नाही.

याच कठीण काळात त्यांनी ब्रुसेल्सच्या संग्रहालयातील सूक्ष्म जीवाश्मांचा अभ्यास पूर्ण केला. बेल्जियममधील डोरमाल या खेड्याच्या गाळातून आलेल्या इवल्याशा जबड्यांत त्यांनी एक आद्य वानरकुलीन प्राणी ओळखला. त्याच्या दाढा जेमतेम दोन मिलिमीटरच्या, आणि तो प्राणी तळहातावर सहज मावेल एवढा. १९२७ साली त्यांनी त्याला अमेरिकेतील एका ज्ञात प्रजातीत बसविले. पुढे १९४० साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी तो वेगळा असल्याचे दाखवून त्याला तेयारदिना असे नाव दिले.

चीनमध्ये त्यांनी पेकिंगजवळील झोउकोउदियन येथील उत्खननात भूवैज्ञानिक सल्लागार म्हणून काम केले. १९२९ साली पेइ वेन्झोंग यांना तेथे आदिमानवाची कवटी मिळाली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. फा. तेयार यांना उंदीर-घुशींच्या कुळातील प्राण्यांचे दातही तितकेच मोलाचे वाटत, कारण थरांचा क्रम ठरविण्यास तेच उपयोगी पडत. १९३५ साली ते भारतातही आले आणि हेल्मुट द तेरा यांच्यासमवेत नर्मदेच्या खोऱ्यातील थर त्यांनी पाहिले.

१९४८ साली ते स्वतः रोमला गेले. परंतु त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या प्रकाशनाला परवानगी मिळाली नाही. अखेरची वर्षे न्यूयॉर्कला गेली. १० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांचे निधन झाले. दफनविधीला मोजकीच माणसे होती. त्यांचे ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाले. १९६२ साली रोमने त्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना दिली. पुढे २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, आणि २०२३ साली मंगोलियात पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा आदराने उल्लेख केला.

डोरमालचा गाळ मात्र अजून संपला नव्हता. बेल्जियन संशोधकांनी तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर धुऊन चाळला, तेव्हा तेयारदिनाचे आणखी दात आणि घोट्याची चिमुकली हाडेही मिळाली. त्यांवरून तो फांद्यांवर उड्या मारणारा प्राणी असल्याचे कळले. त्याचे वय आज सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. २००४ साली त्याची एक जात चीनच्या हुनान प्रांतातून वर्णिली गेली. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत, भारतीय, अमेरिकन व बेल्जियन शास्त्रज्ञांना त्याच्याच दूरच्या नातलगांचे दात व जबडे सापडले आहेत. फा. तेयार यांनी भिंगाखाली न्याहाळलेला तो पहिला जबडा आजही ब्रुसेल्सच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.