वजन उतरवणारा माणूस

आमच्या देऊळघाटला काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, शटर अशी कामं चालतात. काकांचा एकच नियम : शंका आली की एक पट्टी जास्त मारायची. ट्रॉली जड झाली तरी चालेल, पण सोयाबीन भरून रस्त्यात मोडायला नको. हेच बघत मोठा झालो, त्यामुळे मजबूत म्हणजे जड, हे माझं पक्कं गणित होतं. फर्स्ट इयरला एका सीनिअरने रूमवर कॉलिन चॅपमनची गोष्ट सांगितली आणि ते गणित उलटंपालटं झालं.

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. इंग्लिश सेक्शनला लिहिणं सोपं होतं, पण हा लेख काकांनाही वाचायला द्यायचा आहे.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडमधला. वडील हॉटेल चालवायचे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला होता. आता हे वाचून हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना धीर येईल : फायनलला साहेब मॅथ्समध्ये राहिले! पुन्हा पेपर देऊन एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये डिग्री मिळाली. त्याआधीच १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर प्लायवूडची बॉडी चढवून त्याने पहिली गाडी केली होती. नाव ठेवलं लोटस, म्हणजे आपलं कमळ. १९५२ मध्ये वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात कंपनी सुरू झाली. भांडवल होतं होणाऱ्या बायकोकडून, हेझलकडून उसने घेतलेले २५ पौंड. आपल्याकडेही साधारण त्याच काळात, १९४९ साली, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची दोन सीटची छोटी गाडी तयार केली होती. तिचं उत्पादन मात्र कधी सुरू झालं नाही. लोटसचं झालं.

चॅपमनचा विचार साधा होता. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन कमी केलं तर ती चढावर, वळणावर, ब्रेक मारताना, सगळीकडेच फायद्यात राहते. बुलढाण्याहून मोताळ्याला जाताना राजूर घाटात रिकामी एस.टी. आणि खच्चून भरलेली एस.टी. वळणं कशी घेते ते आठवा, म्हणजे पटेल. न्यूटनचा दुसरा नियम आपण बारावीत पाठ केला, या माणसाने त्यावर कारखाना काढला.

त्याची माझी सगळ्यात आवडती गाडी म्हणजे १९६२ ची लोटस एलान. दोन सीट, उघडणारं छप्पर. तिच्या डिझाइनचं बरंचसं काम रॉन हिकमनने केलं. शिडीसारखी नेहमीची चासी नाही. दुमडलेल्या पत्र्याचा खोक्यासारखा एकच कणा मधून जातो, दोन्ही टोकांना त्याला फाटे फुटतात आणि वर फायबरग्लासची बॉडी. इंजिन १५५८ सीसी, ताकद साधारण १०५ हॉर्सपॉवर आणि वजन सातशे किलोच्या आत! आपली अँबॅसेडर अकराशेच्या वर होती. पुढे एलानच्या चार सीरिज आल्या, १९७१ ला १२६ हॉर्सपॉवरची स्प्रिंट आली, तरी वजन सातशेच्या आसपासच राहिलं.

खरी गंमत १९८९ ची. तोपर्यंत चॅपमन गेला होता. जनरल मोटर्सच्या मालकीच्या लोटसने त्या वर्षी नवी एलान काढली : इसुझुचं इंजिन, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, वजन हजार किलोच्या पुढे. नाव तेच, विचार बदललेला. त्याच वर्षी जपानच्या माझदाने जुन्या एलानचा धडा गिरवून एमएक्स-५ आणली : मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि वजन हजारच्या आत. तिचं वजनही पिढीगणिक वाढत गेलं. २००५ ची तिसरी पिढी अकराशेच्या घरात पोचली. मग २०१५ च्या चौथ्या पिढीत इंजिनिअर लोकांनी बसून सुमारे शंभर किलो उतरवले. दहा लाखांच्या वर अशा गाड्या बनल्या. चॅपमनचा खरा वारस मला तरी जपानमध्ये दिसतो.

पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. लोटसने फॉर्म्युला वनमध्ये कन्स्ट्रक्टर्सचं विजेतेपद सात वेळा मिळवलं, पण तिच्या गाड्या नाजूक असतात अशीही ख्याती होती. १९६० मध्ये बेल्जियममधल्या स्पाला सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं, त्याचे दोन्ही पाय मोडले. १९७० मध्ये मोंझाला सरावातच योखेन रिंटच्या गाडीचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन तोच ठरला, मेल्यानंतर. पैशाच्या व्यवहारातही चॅपमनने असंच काठावर चालणं पसंत केलं. डीलोरियन गाडीच्या कामाचे लाखो पौंड पनामाच्या एका कंपनीमार्फत गायब झाले. १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकने तो वारला, तेव्हा फक्त ५४ वर्षांचा होता. १९९२ मध्ये त्याचा हिशेब सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला तीन वर्षांची कैद झाली. चॅपमन जिवंत असता तर त्याला निदान दहा वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी नोंदवलं.

हे सगळं मी आत्ताच का लिहितोय? मागच्या सेमला आमच्या ग्रुपने गो-कार्ट बनवली. ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटला वजन कमी करायला मी सहा होल पाडले. चॅपमन डोक्यात होता ना! ट्रायलला मित्राने जोरात ब्रेक दाबला, ब्रॅकेट फाटलं, कार्ट भिंतीवर गेली. त्याचं मनगट मोडलं. सबमिशन त्याने डाव्या हाताने लिहिलं, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. रात्री काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या जागेवर जोर किती येतो ते पाहिलं होतं का. पाहिलं नव्हतं.

चॅपमनकडून घ्यायचं ते आधी जोर कुठे येतो हे शोधणं, मग वजन काढणं. मी नुसतं दुसरं घेतलं होतं. नवीन ब्रॅकेटला आधी आकडेमोड केली. ते पहिल्यापेक्षा जड झालं, होल दोनच राहिले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा काकांच्या ट्रॉलीचंही गणित मांडून बघितलं. दोन पट्ट्या अशा सापडल्या की त्यांच्यावर काही जोरच येत नाही. काकांनी बराच वेळ वहीकडे बघितलं आणि त्यातली एक काढू दिली.