संस्कृतच्या पंडितेचे सोपे मराठी

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ मध्ये संपूर्ण बायबलचे एक मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. ते हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून केलेले होते. खिळे जुळवण्यापासून छपाई आणि बांधणीपर्यंतची कामे तिथल्याच स्त्रियांनी केली होती. त्यांतील अनेकजणी दुष्काळात घरदार गमावून मुक्तीत आलेल्या होत्या. हे भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई मात्र छापून झालेला ग्रंथ पाहण्यास हयात नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले होते.

स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापिका आणि धर्मांतरामुळे वादाचा विषय ठरलेली विदुषी म्हणून रमाबाई महाराष्ट्राला परिचित आहेत. आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी एका भाषांतरासाठी वेचली, ही गोष्ट तुलनेने विस्मरणात गेली आहे. खरे तर त्यांच्या जीवनाचे सूत्र तिथेच सापडते. ज्ञान कोणत्या भाषेत असावे आणि ते कोणाला कळावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे जन्मापासून उभा होता.

ज्ञानाची बंद दारे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा अंत झाला. रमाबाई भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह चालत राहिल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

भाऊही १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा कन्या मनोरमा तान्ही होती. तिला घेऊन त्या पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाचे मराठी संस्कृतप्रचुर होते. ज्या स्त्रियांसाठी ते होते, त्यांतील बहुसंख्य निरक्षर होत्या. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज त्यांनी मांडली. ती साक्ष पुढे इंग्रजीत उतरली आणि सरकारदरबारी पोहोचली. भाषांतराचे बळ असे त्यांना तरुणपणीच दिसले होते.

दोन जगांमधील दुवा

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र धर्मगुरू सांगतील तोच अर्थ मानायचा, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांना दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. लॅटिनच का, संस्कृत का नाही, असा प्रश्न त्यांनी आपल्या धर्ममातेला पत्रातून विचारला. ज्यांना लॅटिन येत नाही त्यांच्यापुढे लॅटिन ठेवण्यात काय अर्थ, हा त्यांचा मुद्दा होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती अमेरिकनांपुढे मांडली. परत आल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेतील लोकजीवन मराठी वाचकांना सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीदारही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई एकाकी पडल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना आणले आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

वाचक कोण?

मराठी बायबल तोवर नवीन राहिले नव्हते. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला होता. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. या कामाची एक ठरलेली पद्धत होती. निर्णय परदेशी मिशनऱ्यांचे किंवा समितीचे असत, एतद्देशीय पंडित शब्द सुचवीत आणि बहुधा पडद्याआड राहत. पंडिताच्या वळणामुळे भाषाही संस्कृतकडे झुकलेली असे.

मुक्तीतील खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांना ही भाषा कळत नाही, हे रमाबाईंच्या लक्षात आले. वेदान्ताचे संस्कार असलेले शब्द वापरल्याने अर्थ भलतीकडे जातो, असेही त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. संस्थेचा संसार, वाढते बहिरेपण आणि ढासळती प्रकृती सांभाळत त्या सोपे शब्द शोधत राहिल्या. ज्या संस्कृत विद्येने त्यांना कीर्ती दिली, तिचाच शब्दभार त्यांनी जाणीवपूर्वक उतरवून ठेवला. हा त्याग लहान नव्हता. विद्वत्ता दाखवण्याची संधी प्रत्येक ओळीत होती आणि प्रत्येक ओळीत त्यांनी ती नाकारली.

एकट्या स्त्रीने संपूर्ण बायबल भाषांतरित करण्याचे उदाहरण जगातही विरळा आहे. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंनी मात्र भाषांतर, छापखाना आणि वाचकवर्ग या तिन्ही गोष्टी एकाच आवारात उभ्या केल्या.

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेची वारसदार म्हणून जिच्याकडे पाहिले, ती एकुलती एक मुलगी गेली. तरीही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम पुरे होईपर्यंत दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते संपताच देह ठेवला, अशी आठवण सांगितली जाते.

त्यांच्या भाषांतराचा प्रसार मर्यादित राहिला. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. अभ्यासकांचे लक्ष या ग्रंथाकडे बऱ्याच उशिरा वळले. मध्यंतरी भाषांतराकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. युजीन नायडा यांनी १९६४ मध्ये बायबल भाषांतराच्याच अनुभवातून वाचकावर होणाऱ्या परिणामाला महत्त्व दिले. १९७२ मध्ये जेम्स होम्स यांनी भाषांतर अभ्यास या विद्याशाखेची रूपरेषा मांडली. १९९५ मध्ये लॉरेन्स व्हेनुटी यांनी भाषांतरकाराच्या अदृश्यतेवर ग्रंथ लिहिला. भाषांतरकार केवळ शब्द वाहून नेणारा हमाल नसतो, तो निवड करतो आणि त्या निवडीची जबाबदारी घेतो, हे आता विद्यापीठांत शिकवले जाते.

केडगावच्या माळावर हे सारे सिद्धांताविना घडले होते. आईला संस्कृत शिकवले म्हणून वडिलांना जाब द्यावा लागला, त्या घरातल्या मुलीने निरक्षर स्त्रीला वाचक मानले आणि तिच्यासाठी एका प्राचीन ग्रंथाचा प्रत्येक शब्द नव्याने तोलून पाहिला.