पापळचे भाऊसाहेब : सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारा शिक्षणमहर्षी

बडनेरा : बडनेऱ्याहून यवतमाळ रोडने निघालं की नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. याच तालुक्यातल्या पापळ गावात २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव आणि राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या घरी डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म झाला. अख्खं वऱ्हाड त्यांना भाऊसाहेब म्हणूनच ओळखतं.

गावच्या शाळेत वरचे वर्ग नव्हते. मग चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावतीचं हिंदू हायस्कूल, असं गावं बदलत शिक्षण झालं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते १९२० मध्ये बोटीने विलायतेला गेले. पोराच्या शिक्षणापायी वडिलांनी शेती गहाण टाकली. एडिंबरा, ऑक्सफर्ड, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची पदवी, एवढं सगळं घेऊन भाऊसाहेब १९२६ मध्ये परतले.

ते मोठ्या शहरात बस्तान मांडू शकले असते. पण ते अमरावतीत राहिले आणि श्रद्धानंद छात्रालय काढलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकाच छताखाली राहायची, एकाच पंगतीत जेवायची. पाणवठे वेगळे असण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. भाऊसाहेबांनी स्वतःही आंतरजातीय लग्न केलं. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून ते लढले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरीही सगळ्यांना खुल्या केल्या. आधी वागायचं, मग शिकवायचं, ही त्यांची रीत होती.

१९३० मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. शेतकऱ्याच्या पोराला गावाजवळ शाळा-कॉलेज मिळावं, हाच त्यामागचा हेतू. पुढे १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने आहे.

दर २७ डिसेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण आपल्या गावच्या शाळेत पोरं आजही एका पंगतीत बसतात का, हेही त्या दिवशी जाऊन पाहायला पाहिजे. भाऊसाहेबांचं शिक्षण तिथूनच सुरू झालं होतं.