केडगावचा घाणा, छापखाना आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची संस्कृत विद्वत्ता, शारदा सदन आणि १८८३ मधील धर्मांतर यांचीच चर्चा होते. केडगाव येथील तेलाचा घाणा, हातमाग, गोठा यांचा उल्लेख सहसा होत नाही. रमाबाईंची ख्रिस्तश्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरली, हे मात्र तेथेच दिसते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या विद्वान घराची शोचनीय अवस्था झाली. भीक मागणे कमीपणाचे, अंगमेहनत त्याहून कमीपणाची, आणि पोट भरेल असा कोणताही उद्योग हाताला ठाऊक नाही! थोरले बंधू श्रीनिवास अखेर हमाली करण्यास तयार झाले, पण तोवर उशीर झाला होता. १८७४ मध्ये आई-वडील दोघेही गेले. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात, म्हणून रमाबाईंनाच ती उचलावी लागली.

कलकत्त्याने १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनी समाजातून बाहेर टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करताना त्यांनी पाहिल्या. बाप्तिस्म्याकडे त्यांचे मन वळले ते वादविवादापेक्षा या सेवेमुळे अधिक.

मध्य प्रांतात १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो निराश्रित मुली व विधवांना केडगावला घेऊन आल्या. या मुक्ती सदनात प्रार्थना आणि अक्षरओळख यांच्या जोडीला शेती, विणकाम, दूधदुभते, तेल गाळणे, भांड्यांना कल्हई लावणे अशी कामे होती. उच्चवर्णीय घरांतून आलेल्या मुलींनाही हात मळवावे लागत. हे शिक्षण म्हणजे केवळ पोटाची सोय नव्हती. मेहनत हलकी मानणाऱ्या संस्काराची किंमत रमाबाईंनी घरच्या माणसांनी मोजलेली पाहिली होती. १९०५ मध्ये येथे उसळलेल्या धर्मजागृतीची दखल जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांनी घेतली. घाण्याची कोणी फारशी घेतली नाही.

बायबलचे मराठी भाषांतर हे या कष्टांचेच फळ. साध्या बायकांना कळावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मजकूर सोपा करण्यासाठी वर्षानुवर्षे झिजल्या. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातील स्त्रियांनीच केली. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.